डीटीटी घालू की नको? सोयाबीनचं प्रोटीन, पेलेट आणि सिस्टीनच्या जोड्या

लातूरच्या एका एम.एस्सी. विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा. एमएयूएस-71 या सोयाबीन वाणातून त्याने बोमन-बर्क ट्रिप्सिन इनहिबिटरचा (ट्रिप्सिन हे पचनाचं एन्झाइम अडवणाऱ्या प्रोटीनचा) जीन काढला, पुढचा सिग्नल पेप्टाइड (प्रोटीनने पेशीत कुठे जायचं ते सांगणारा तुकडा) वगळून पीईटी व्हेक्टरमध्ये (जीन वाहून नेणाऱ्या डीएनएत) बसवला आणि बीएल21(डीई3) या ई. कोलाय बॅक्टेरियाच्या स्ट्रेनमध्ये 37 अंशांवर आयपीटीजी हे जीन चालू करणारं रसायन देऊन एक्स्प्रेस केला, म्हणजे त्यातून प्रोटीन बनवलं. जेलवर जाडजूड बँड आला, पण सगळा पेलेटमध्ये, म्हणजे पेशी फोडून फिरवल्यावर तळाशी बसलेल्या न विरघळलेल्या गाळात. सुपरनेटंटमध्ये, म्हणजे वरच्या द्रवात, जे थोडंफार आहे ते ट्रिप्सिनला अडवतच नाही. गाइड म्हणतात लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) डीटीटी घाल. डीटीटी म्हणजे सिस्टीन या अमिनो आम्लांमधले सल्फर-सल्फर बंध तोडणारं रसायन. सीनियर म्हणतो, डीटीटी घातलंस तर बंधच तुटतील. आणि विद्यार्थ्याचा खरा राग आहे तो ॲनफिन्सन या बायोकेमिस्टवर: "अमिनो आम्लांच्या क्रमातच घडीची सगळी माहिती असते म्हणतात, अल्फाफोल्डनेही व्यवस्थित आकृती दाखवली, मग बॅक्टेरियात घडी का पडत नाही?" (घडी म्हणजे साखळीचा कामाचा आकार, आणि अल्फाफोल्ड म्हणजे क्रमावरून तो आकार वर्तवणारा प्रोग्रॅम.)

तुमचे गाइड आणि सीनियर, दोघांचंही बरोबर आहे. फक्त दोघं वेगवेगळ्या पायऱ्यांबद्दल बोलतायत. पेलेट विरघळवताना डीटीटी लागतंच. घडी पाडताना ते नको. आणि लायसिसच्या वेळी ते घातलं काय, न घातलं काय, तुमचं प्रोटीन पेलेटमधून वर येणार नाही, कारण बिघडायचं ते त्याच्या आधीच, जिवंत पेशीत बिघडलेलं आहे. म्हणून डीटीटी जरा बाजूला ठेवू. खरा प्रश्न हा आहे की चौदा सिस्टीन असलेल्या साखळीला आपापले जोडीदार शोधायला जागा, वेळ आणि चुकीची जोडी सोडून पुन्हा जुळवायची मुभा कुठे मिळते. माहिती क्रमात असते हे खरंच आहे. पण ती वापरता येईल अशी परिस्थिती क्रमात नसते, ती आजूबाजूला असावी लागते.

आधी तुम्ही निवडलेलं प्रोटीन कसं आहे ते पाहा, कारण नेमकं अवघड गिऱ्हाईक तुमच्या वाट्याला आलंय. बोमन-बर्कमध्ये 71 अमिनो आम्लं, वजन जेमतेम 8 किलोडाल्टन, आणि त्यात 14 सिस्टीन. म्हणजे सरासरी दर पाचवं अमिनो आम्ल सिस्टीन. त्यांचे सात डायसल्फाइड (सल्फर-सल्फर) बंध. एरवीच्या प्रोटीनमध्ये पाण्याला टाळणारी अमिनो आम्लं आत लपतात आणि तो गाभाच घडी धरून ठेवतो. बोमन-बर्कला असा धड गाभा नाही, सल्फरचे बंध हाच त्याचा सांगाडा. आपल्याकडे कच्चं सोयाबीन कोंबड्यांना घालत नाहीत, भाजून किंवा शिजवून घालतात, ते या इनहिबिटरांमुळेच. त्यातला दुसरा मोठा, कुनिट्झ इनहिबिटर, 181 अमिनो आम्लांचा पण फक्त दोन बंधांचा. उष्णतेने तो तुलनेने लवकर निकामी होतो. बोमन-बर्क बराच जास्त वेळ तग धरतो.

आता जोड्यांचा हिशोब मांडा. पहिल्या सिस्टीनला जोडीदाराचे 13 पर्याय. ती जोडी लागली की उरलेल्यांतल्या पहिल्याला 11, मग 9, 7, 5, 3 आणि शेवटी 1. गुणाकार येतो 1,35,135. त्यातली एकच मांडणी बरोबर. कुनिट्झसाठी हाच आकडा फक्त 3 आहे. तुमच्या वर्गातल्या कुणी कुनिट्झ घेतला आणि त्याला थोडं विरघळणारं, थोडं काम करणारं प्रोटीन मिळालं, तर वाईट वाटून घेऊ नका. दोघांचं काम एका मापाचं नाही.

बंध बनतो म्हणजे काय होतं? दोन सिस्टीनच्या टोकांना एकेक सल्फर-हायड्रोजन असतो. दोन्ही हायड्रोजन जातात, म्हणजे दोन प्रोटॉन आणि दोन इलेक्ट्रॉन जातात, आणि सल्फर-सल्फर जुळतात. ते दोन इलेक्ट्रॉन घेणारं कुणीतरी हवं. हवेतला ऑक्सिजन घेऊ शकतो, पण स्वतःहून फार मंद. पेशीत आणि चांगल्या बफरमध्येही काम होतं ते अदलाबदलीने. एका सिस्टीनचा हायड्रोजन सुटून त्याचा सल्फर ऋणभारित होतो, तो आधीच बनलेल्या दुसऱ्या बंधातल्या एका सल्फरवर चाल करतो, नवा बंध बनतो आणि जुन्यातला दुसरा सल्फर मोकळा होतो. हा ऋणभारित सल्फरच सगळं करतो. सिस्टीनचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्यांचा हायड्रोजन सुटतो तो आकडा) सुमारे 8.3 असल्याने पीएच 7 ला शंभरातले जेमतेम पाच सिस्टीन त्या रूपात असतात, 8.3 ला निम्मे. रिफोल्डिंगचे (उलगडलेल्या प्रोटीनची पुन्हा घडी पाडायचे) बफर 8 ते 8.5 ला का ठेवतात आणि अदलाबदल थांबवायची असेल तेव्हा आम्ल का ओततात, दोन्हींचं कारण हेच.

आता ॲनफिन्सन. त्यांना 1972 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते ज्या कामासाठी, त्यातला अर्धाच प्रयोग आपण परीक्षेत लिहितो. रायबोन्यूक्लिएज ए: 124 अमिनो आम्लं, आठ सिस्टीन, चार बंध, शक्य मांडण्या 105. 8 मोलर युरिया आणि बीटा-मरकॅप्टोइथेनॉल घालून घडी उलगडली, बंध तोडले. दोन्ही काढून टाकले, हवेत ठेवलं, एन्झाइम पुन्हा काम करू लागलं. इथे आपण पूर्णविराम देतो. पण त्यांनी उलट क्रमानेही करून पाहिलं. युरिया तसाच ठेवला आणि आधी बंध बनू दिले. उलगडलेल्या साखळीत सिस्टीन जो सापडेल त्याच्याशी जोडले गेले. मग युरिया काढला, तर जेमतेम एक टक्का काम शिल्लक. हे भेसळ जोड्यांचं प्रोटीन त्यांनी कसं सुधारलं? त्यात अगदी किंचित बीटा-मरकॅप्टोइथेनॉल घालून. म्हणजे बरोबर बंध मिळवण्यासाठी बंध तोडणारं रसायन घातलं. काही तासांत जवळपास सगळं काम परत आलं.

तुमच्या अख्ख्या प्रश्नाची किल्ली या प्रयोगात आहे. बाज विणताना सुतळीचा एक पदर चुकीच्या ठिकाणून गेला की पुढचं विणकाम तिरकंच होत जातं, आणि तो पदर उसवल्याशिवाय कितीही ताणलं तरी सरळ होत नाही. बंधांचंही असंच. फार ऑक्सिडायझिंग (बंध जोडणारं) वातावरण दिलं तर पहिली चूक कायमची होते. फार रिड्यूसिंग (बंध तोडणारं) दिलं तर एकही बंध टिकत नाही. मधली अशी स्थिती लागते जिथे चुकीचा बंध उसवता येईल आणि घडीत बरोबर बसलेला मात्र सहसा उसवला जाणार नाही, कारण तो आत झाकला गेलेला असतो आणि बाहेरचा सल्फर त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

सोयाबीनच्या दाण्यातली पेशी ही मधली स्थिती कुठे तयार करते? तुम्ही जो सिग्नल पेप्टाइड कापून टाकलात, त्याचा पत्ता तिथलाच होता: एंडोप्लाझमिक रेटिक्युलम, पेशीतली पडद्याने वेगळी केलेली खोली. साखळी रायबोसोमवर तयार होता होताच आत ओढली जाते. आत प्रोटीन डायसल्फाइड आयसोमरेज, म्हणजे पीडीआय, बसलेलं असतं. ते साखळीला बंध देतं आणि चुकलेले बंध बदलतंही. बंध दिला की पीडीआयकडे इलेक्ट्रॉन येतात, ते एरो1 हे दुसरं एन्झाइम घेतं आणि ऑक्सिजनला देतं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. एका बंधाला साधारण एक रेणू. सात बंधांचं प्रोटीन भरभरून बनवणाऱ्या पेशीला हा कचराही निस्तरावा लागतो. हे एन्झाइम असणार हा अंदाजही ॲनफिन्सन यांच्याच गटाचा. परीक्षानळीत घडी पडायला तास लागतात आणि पेशीत मिनिटं, हे त्यांना खटकलं आणि 1963 मध्ये त्यांनी यकृताच्या मायक्रोसोममध्ये हे काम वेगाने करणारं एन्झाइम दाखवलं. पीडीआयचा शोध पाठ्यपुस्तकात वेगळ्या धड्यात येतो, पण तो त्याच प्रयोगाचा उत्तरार्ध आहे.

वातावरणातला फरक किती असतो? ग्लुटाथायोन हा पेशीतला सल्फर असलेला छोटा रेणू. त्याच्या रिड्यूस्ड (मोकळ्या) आणि ऑक्सिडाइज्ड (जोडी झालेल्या) रूपांचं प्रमाण सायटोसोलमध्ये (पेशीच्या मुख्य द्रवात) 30 ते 100 ला 1, आणि स्रावमार्गात (रेटिक्युलम आणि त्यापुढची वाट) 1 ते 3 ला 1, असं 1992 मधलं गाजलेलं मोजमाप आहे. नंतर या आकड्यांवर बराच वाद झाला, पण दोन खोल्यांत हवा वेगळी आहे यावर वाद नाही. आणि त्या खोलीत एक जोडी जरी बिघडली तरी काय होतं ते अकिता उंदरात दिसतं. त्याच्या इन्सुलिन-2 जीनमध्ये एका सिस्टीनच्या जागी टायरोसिन आलंय. ए साखळीतला सातवा सिस्टीन गेला, त्याचा बी साखळीतला जोडीदार मोकळा राहिला. प्रोइन्सुलिन नीट घडत नाही, रेटिक्युलममध्ये तुंबतं, बीटा पेशी खचतात, उंदराला मधुमेह होतो. क्रमात बाकी सगळं बरोबर असूनही.

तुम्ही मात्र जीन टाकलात ई. कोलायच्या सायटोप्लाझममध्ये. तिथे थायोरेडॉक्सिन आणि ग्लुटाथायोन, त्यांच्या पाठीशी त्यांची रिडक्टेज एन्झाइमं, आणि ही सगळी यंत्रणा बनलेला डायसल्फाइड तोडण्यासाठीच चालू. सात बंधांवर उभं राहणारं प्रोटीन तिथे उभं राहणार कसं? त्यात पेशीतली गर्दी: एका लिटरमागे 300 ते 400 ग्रॅम मोठे रेणू. पीईटीमधला टी7 प्रमोटर (जीन जोरात चालवणारा डीएनएचा स्विच) साखळ्यांचा नुसता लोंढा सोडतो. घडी पडणं ही एका रेणूची एकट्याची क्रिया, तिचा वेग गर्दीने वाढत नाही. गोळा होणं ही दोन किंवा जास्त रेणूंची क्रिया, ती सांद्रता वाढली की झपाट्याने वाढते. अर्धवट साखळ्या एकमेकींना चिकटतात आणि इन्क्ल्युजन बॉडी होते. कुणी तुम्हाला ग्रोईएल या चॅपरोनचं (घडीला मदत करणाऱ्या प्रोटीनचं) प्लाझ्मिड टाकायला सुचवलं तर या प्रोटीनसाठी मी तरी भरीला पडणार नाही. ग्रोईएल साखळीला एकांत देतं, सल्फरचे बंध देत नाही.

अल्फाफोल्डचं म्हणाल तर त्याच्यावर रागवायचं कारण नाही. 2024 चं नोबेल उगीच मिळालेलं नाही. ते मुक्कामाचं चित्र दाखवतं, आणि त्या चित्रात सल्फर जवळजवळ दिसले म्हणजे तुमच्या फ्लास्कमध्ये ते जुळले असा अर्थ होत नाही. बीएल21 वापरलंय की शफल ही बंध टिकवणारी स्ट्रेन, हे त्याला तुम्ही सांगितलेलंच नसतं.

आता करायचं काय? हे तुमच्याकडे किती महिने उरलेत, थंड होणारा शेकर आहे का आणि नवीन स्ट्रेन मागवायला पैसे आहेत का, यावर आहे. शफल किंवा ओरिगामीसारख्या स्ट्रेनमध्ये थायोरेडॉक्सिन आणि ग्लुटाथायोनच्या रिडक्टेजचे जीन बिघडवलेले असतात, त्यामुळे सायटोप्लाझममध्येही बंध टिकतात. शफलमध्ये शिवाय जोड्या सुधारणारं डीएसबीसी सायटोप्लाझममध्ये ठेवलेलं असतं. सात बंधांसाठी ते महत्त्वाचं. दुसरा मार्ग म्हणजे पेलबीसारखा सिग्नल लावून प्रोटीन पेरिप्लाझममध्ये, म्हणजे बॅक्टेरियाच्या दोन पडद्यांमधल्या जागेत, पाठवणं. ई. कोलायची बंध बनवायची स्वतःची खोली ती. डीएसबीए बंध देतं (त्याच्या सिस्टीनचा पीकेए सुमारे 3.5, म्हणजे कायम तयारीत), डीएसबीसी दुरुस्त करतं. उत्पादन कमी येतं, पण येतं ते कामाचं असण्याची शक्यता जास्त. पिकिया यीस्ट उत्तम, पण तुमच्या डिझर्टेशनच्या वेळेत बसवायला घाई होईल. या सगळ्यांत इंडक्शन (जीन चालू करणं) 16 ते 20 अंशांवर लागतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे खोलीच 38-40 अंशांवर असते आणि वीज गेली की साध्या शेकरचं तापमान कुठल्या कुठे जातं. कूलिंग असलेला शेकर नसेल तर या वाटेला पावसाळ्यानंतर लागा.

तुमच्या जागी मी असते तर आहे त्या पेलेटपासूनच रिफोल्डिंग केलं असतं. इन्क्ल्युजन बॉडी म्हणजे वाया गेलेला माल नव्हे, बहुतेकदा ते बऱ्यापैकी शुद्ध प्रोटीन असतं. ट्रायटन एक्स-100 घातलेल्या बफरने पेलेट दोन-तीनदा धुवा, मग साध्या बफरने धुवून ट्रायटन काढा. 8 मोलर युरिया, 10 मिलिमोलर डीटीटी, पीएच 8.5 मध्ये विरघळवा. इथे गाइड बरोबर: पेशी फोडल्यावर हवेने जे आडवेतिडवे बंध बनले असतील ते सगळे तोडायचेत. मग पीएच 3 ते 4 वर आणून डिसॉल्टिंग कॉलमने किंवा डायलिसिसने डीटीटी काढा. इथून पुढे सीनियर बरोबर: डीटीटी उरलं तर पुढचा बंध टिकणार नाही.

नंतर हे द्रावण थंड रिफोल्डिंग बफरमध्ये थेंबथेंब, ढवळत, इतकं पातळ करा की प्रोटीन मिलिलिटरला 0.05 मिलिग्रॅमच्या आसपास राहील. बफर साधा: ट्रिस पीएच 8.2, 1 मिलिमोलर ईडीटीए (धातू धरून ठेवणारं रसायन), 0.4 मोलर आर्जिनिन, आणि ग्लुटाथायोनची जोडी, रिड्यूस्ड 2 मिलिमोलर, ऑक्सिडाइज्ड 0.4. सोबत 10 ला 1 आणि 2 ला 1 अशा दोन छोट्या नळ्याही लावा. कुठलं प्रमाण जमेल ते प्रोटीनगणिक बदलतं, आणि टॅग (प्रोटीन शुद्ध करता यावं म्हणून जोडलेली शेपटी) कुठल्या टोकाला आहे त्यानेही. रात्रभर 4 अंशांवर. हिस-टॅगने निकेल कॉलमवर न्यायचं असेल तर त्याआधी ईडीटीए डायलिसिसने काढा, नाहीतर ते निकेलच ओढून नेईल. आणि डीटीटी असलेला नमुना त्या कॉलमवर घातलात तर कॉलम तपकिरी पडलेला बघावा लागेल.

युरियाबद्दल जरा थांबून सांगते, कारण तुमच्या प्रोटीनमध्ये त्याचा फटका नेमक्या जागी बसतो. युरियाच्या द्रावणात हळूहळू सायनेट तयार होतं, उष्णता लागली की वेगाने, आणि ते लायसिनला चिकटतं. बोमन-बर्क ट्रिप्सिनला ज्या जागेने धरतो ती जागा म्हणजे 16 वं लायसिन आणि 17 वं सेरिन यांच्यामधला दुवा. त्या लायसिनवर सायनेट बसलं तर घडी शंभर टक्के बरोबर पडूनही ट्रिप्सिन अडणार नाही, आणि तुम्ही बसाल बंधांना दोष देत. म्हणून युरिया त्याच दिवशी विरघळवा, बाटली मेच्या उन्हाळ्यात बाकावर ठेवू नका आणि लवकर विरघळावं म्हणून गरम तर मुळीच करू नका. शंका आली तर कायमोट्रिप्सिनवरही तपासा. त्याची जागा वेगळी आहे, 43 वं ल्युसिन आणि 44 वं सेरिन. कायमोट्रिप्सिन अडतं पण ट्रिप्सिन अडत नाही, असं दिसलं तर संशयित सायनेट.

बंध बनले का हे कसं कळणार? एलमन अभिकर्मकाने 412 नॅनोमीटरला पिवळा रंग आला नाही, म्हणजे मोकळे सिस्टीन उरले नाहीत, एवढंच कळतं. भेसळ जोड्यांचं प्रोटीनही तिथे शून्यच दाखवतं. मास स्पेक्ट्रोमेट्री करायची सोय झाली तर प्रत्येक बंधामागे वजन 2 डाल्टनने कमी होतं, सात बंधांना 14. पण तीही जोड्या बरोबर आहेत की नाही ते सांगत नाही. जेलवर मात्र नक्की बघा: एकाच नमुन्याच्या दोन लेन, एकीत बीटा-मरकॅप्टोइथेनॉल, दुसरीत नाही. दोन्हींमध्ये एक लेन मोकळी सोडा, नाहीतर रसायन शेजारी झिरपतं. नमुना उकळण्याआधी आयोडोॲसिटामाइड घालून मोकळे सल्फर बंद करा. बरोबर घडी असेल तर रिड्यूस न केलेल्या लेनमध्ये आटोपशीर एकच बँड हवा. वर जिन्यासारखे बँड दिसले तर साखळ्या एकमेकींना जोडल्या गेल्यात, म्हणजे आणखी पातळ करा. आणि हे ट्रायसिन जेलवर करा. साध्या 12 टक्के जेलवर 8 किलोडाल्टन डायच्या बरोबरीने पळतो आणि धूसर डाग सोडून काही दिसत नाही. तुम्ही ज्याला जाडजूड बँड म्हणताय तो किती किलोडाल्टनला आहे तेही एकदा मार्करशी पडताळा.

शेवटचा निकाल ॲक्टिव्हिटीचाच. बीएपीएनए (ट्रिप्सिनने तोडलं की पिवळा रंग देणारं रसायन) घेऊन ट्रिप्सिन चालवा, 410 नॅनोमीटरला पिवळा चढत जातो, इनहिबिटर खरा असेल तर चढ मंदावतो. इथे पॉझिटिव्ह कंट्रोल हवाच, आणि तुम्ही लातुरात बसलायत, मोंढ्यातून पसाभर कच्चं सोयाबीन आणा. दळून हेक्झेनने तेल काढा, पाण्यात अर्क घ्या. या अर्कात कुनिट्झही असेल, म्हणून त्याचा एक भाग तसाच आणि एक भाग उकळून तपासा. निगेटिव्ह कंट्रोल म्हणून तुमचंच रिफोल्ड केलेलं प्रोटीन डीटीटी घालून उकळा आणि आयोडोॲसिटामाइडने बंद करा. डिसॉल्टिंग न करता ते थेट असेमध्ये मात्र घालू नका, कारण ट्रिप्सिनलाही सहा डायसल्फाइड आहेत आणि उरलेलं डीटीटी त्यांनाही सोडणार नाही.

दोन लेनचा जेल झाला की फोटो टाका, आणि टॅग कुठल्या टोकाला आहे तेही लिहा. ग्लुटाथायोनचं प्रमाण त्यावरून बदलून सांगेन.